स्ट्राँग आता घशाखाली उतरत नाही

पत्राचा सारांश: वाचक ४४ वर्षांचे, बेळगावचे. उद्यमबागेत भागीदारीत लहानशी फाउंड्री आहे. शाळेपासूनचे चार मित्र महिन्यातल्या एका शनिवारी जांबोटी रस्त्यालगत एकाच्या मळ्यात बसतात. वीस वर्षांत ही बैठक फारशी चुकलेली नाही. बेत ठरलेला: स्ट्राँग बिअर, भडंग आणि तळलेला बांगडा. गेल्या सात-आठ वर्षांत वाचकांच्या कामानिमित्त पीनियाला (बंगळूरची औद्योगिक वसाहत) फेऱ्या वाढल्या. बंगळूरच्या मायक्रोब्रुअरीत त्यांनी गव्हाची बिअर चाखली, मग आयपीए (जास्त कडसर बिअर), मग स्टाउट (भाजलेल्या बार्लीची काळी बिअर). आता स्ट्राँगचा घोट त्यांना तोंडात धरवत नाही. त्यांच्या मते ती भेसळीची बिअर: तांदूळ, साखर, ग्लिसरीन. शुद्ध बिअर जर्मनांची. बैठकीला ते स्वतःचे कॅन बर्फाच्या डब्यातून नेऊ लागले आणि मित्र "साहेब आले" म्हणू लागले. एप्रिलमध्ये टेम्पो चालवणाऱ्या मित्राची मुलगी चांगल्या गुणांनी पीयूसी (बारावी) पास झाली, म्हणून त्यानं सगळ्यांसाठी अख्खी पेटी आणली. तेव्हा वाचक बोलून गेले, "हे गटाराचं पाणी अजून कसं पिता रे तुम्ही?" मित्र काही बोलला नाही. त्यानंतरच्या दोन बैठकांचं बोलावणं आलं नाही. वाचक विचारतात: जीभ एकदा पुढं गेली की मागं कशी आणायची? मित्रांसाठी खोटं खोटं प्यायचं, की आपल्या आवडीची माणसं शोधायची? शेवटी एक जादा प्रश्न: गोव्यात बिअर स्वस्त आणि नाना तऱ्हेची मिळते, चोर्ला घाटातून एखादी पेटी आणली तर चालेल का?

नमस्कार.

"गटाराचं पाणी" हे शब्द तुमच्या पत्रात तीनदा आलेत. एकदा मित्राला बोललात ते, आणि पुढं दोनदा ते बोलणं कसं खरं होतं हे मला पटवताना. बिअरबद्दल मला पुष्कळ सांगायचंय आणि ते मी सांगणार आहे. पण अडचण चवीची असती तर तुमचे कॅन तुम्ही नेत होतात तिथंच ती सुटली होती. थट्टा होत होती, पण "साहेब आले" म्हणत का होईना, ते तुम्हाला बोलावत होते. बोलावणं थांबलं ते त्या एका वाक्यानंतर.

आपल्याकडं गल्लीत एखादं तरी घर असतं, जिथला मुलगा पुण्याला नोकरीला लागतो आणि दिवाळीला घरी आला की आईला सांगू लागतो, "'येऊलालोय' नव्हे गं, 'येतोय' म्हण." पुण्यात तो जे शिकला ते खोटं नसतं. पण आई गप्प होते, आणि पुढं त्याच्यासमोर मोजून-मापून बोलते. आपल्या बोलीला कुणी हसलं की कुठं लागतं, हे बेळगावच्या माणसाला सांगावं लागत नाही. तुमच्या मित्राला तिथंच लागलंय.

हे मी भोगलेलं आहे. विशीत पुण्याला शिकून परत आलो आणि थोरल्या बहिणीच्या घरी म्हणालो, "ताई, चहा किती उकळतेस, नुसता काढा झालाय." ताई काही बोलली नाही. पुढं मी गेलो की ती माझा चहा वेगळ्या भांड्यात करायची, पत्ती वरून घालून, झाकण ठेवून. मला वाटायचं, लाड करते. ती सगळ्यांबरोबरच्या चहाला मला हाक मारत नाही, हे लक्षात यायला कितीतरी वर्षं गेली.

आता जिभेकडं येतो. तुम्ही लिहिता की जीभ "पुढं" गेली. जीभ बदलली हे मला मान्य आहे, पण बदलली त्याची कारणं एकाहून जास्त आहेत, आणि ती वेगळी केल्याशिवाय तुम्हाला मार्ग सापडणार नाही.

पहिलं कारण वय. ६५० मिलीच्या आठ टक्क्यांच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगात साधारण १० ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बाटली चार पेगांच्या बरोबरीची. बाविसाव्या वर्षी तुम्ही चौघं ती चवीसाठी पीत नव्हता, त्याच पैशात जास्त चढते म्हणून पीत होता. आपल्या देशात खपणाऱ्या बिअरमध्ये मोठा वाटा आजही स्ट्राँगचा आहे, तो याच हिशेबानं. वय वाढतं तसं शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमी होत जातं, आणि तेवढीच दारू रक्तात जास्त दाट होते. दुसऱ्या दिवशीचं डोकं शरीराच्या लक्षात राहतं. पुढच्या वेळी त्याच वासानं तोंड फिरलं, तर त्यात रसिकतेपेक्षा शरीराचा शहाणपणा जास्त असतो. हे कारण तुमच्या मित्रांनाही लागू आहे. ते बोलत नसतील, पण त्यांच्यापैकी एखाद्यालाही दुसरी बाटली आता जड जात असेल.

दुसरं कारण शिकण्याचं, आणि त्याबद्दल मला तुमचं कौतुक वाटतं. तुम्ही फाउंड्रीतले. मोल्डिंगची वाळू मुठीत दाबून, मूठ उघडून, गोळा मधोमध मोडून ओल बरोबर आहे की नाही ते तुम्ही सांगत असाल. नव्या पोराला ती नुसती वाळू दिसते. निपाणीच्या वखारींत तंबाखू चिमटीत घेऊन, हुंगून प्रत सांगणारी माणसं आहेत. तुमची जीभ तशीच तयार झाली. गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो हे तुम्ही स्वतः ओळखलंत, असं लिहिलंय. त्यात केळं नसतं, लवंगही नसते. तिच्या खास यीस्टमुळं आंबवण्यात जी द्रव्यं तयार होतात, त्यांचा तो वास. हे आपल्या आपण नाकाला कळणं ही कमाई आहे, ती सोडू नका. पण वाळूची पारख आली म्हणून तुम्ही नव्या पोराला अडाणी म्हणून हाकलत नाही. त्याच्या मुठीत वाळू देता आणि "दाबून बघ" म्हणता.

तिसरं कारण शुद्धतेचं, आणि इथं मात्र तुमचं चुकतंय. जर्मनांचा जो नियम सगळे सांगतात तो बव्हेरियाचा, १५१६ सालचा: बिअरमध्ये बार्ली, हॉप्स (कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) आणि पाणी, एवढंच. यीस्टचं त्यात नाव नाही, कारण आंबवण्यात यीस्ट काय करतं ते तेव्हा माहीत नव्हतं. आणि बार्लीच म्हटलंय, म्हणजे गहू बाद. गहू पाववाल्यांसाठी राहावा, हाही त्यामागचा एक विचार होता. पुढं गव्हाची बिअर काढण्याचा हक्क राजघराण्याच्या मर्जीवर राहिला. शुद्धतेचा तो कागद समोर धरला, तर तुमची लाडकी बिअरच आधी ग्लासातून जाईल. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये तर धणे आणि संत्र्याची साल घालतात, आणि ती उत्तम लागते. तांदळाचंही तसंच. जपानमध्ये, अमेरिकेत तांदूळ घालून हलकी, कोरडी बिअर करतात आणि उघडपणे करतात. बेळगावी बासमतीच्या मुलखातल्या माणसानं तरी तांदळाला भेसळ म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

ग्लिसरीनचा प्रयोग तुम्ही कॉलेजात केला असणार: बाटली पाण्याच्या ग्लासात उपडी धरायची आणि तेलासारखी धार खाली उतरताना बघायची. बिअरमध्ये न आंबलेला साखरेचा अंश उरतो, त्यामुळं ती बहुधा पाण्यापेक्षा किंचित जड असते आणि पाण्यात उतरताना रेषा दिसतात. साखरेचं पाणी साध्या पाण्यात सोडलं तरी तशाच दिसतात. ग्लिसरीन म्हणाल, तर ते कुठल्याही आंबवण्यात थोडंफार आपोआप होतं, तुमच्या बंगळूरच्या ग्लासातही. त्या धारेवरून काहीच सिद्ध होत नाही.

तुमच्या मित्राच्या बाटलीचं कूळही हलकं नाही. सोनेरी, नितळ लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर) पहिल्यांदा १८४२ साली बोहेमियातल्या पिल्सेन गावात तयार झाली. आज जगभर जी पिवळी बिअर विकली जाते, ती बहुतेक सगळी त्या घराण्यातली. स्ट्राँग हा त्याच घराण्याचा एक धसमुसळा वंशज. ती गोडसर असते, घशात गरम लागते, हॉप्सचा कडूपणा तिच्यात जेमतेम असतो. तुम्हाला ती आवडत नाही हे बरोबरच आहे, मलाही आवडत नाही. पण आवडत नाही म्हणजे ती घाण आहे असं होत नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. ती पेटी आली कशी? एप्रिलच्या उन्हात, उघड्या टेम्पोतून, आणि मळ्यावर पोचल्यावर बर्फात घातली असेल. उष्णतेनं बिअर लवकर शिळी होते आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. ऊन थेट लागलं तर हॉप्समधल्या द्रव्यांचं विघटन होऊन करपलेल्या रबरासारखा उग्र वास येतो. तपकिरी काच ऊन बरंच अडवते, हिरवी आणि पांढरी काच फारच कमी. कॅनमध्ये ऊन शिरतच नाही. म्हणून घेताना बाटलीवरची तारीख बघावी, दुकानाच्या दारात उन्हात मांडलेली घेऊ नये, आदल्या रात्री थंड करावी आणि साबणाचा अंश नसलेल्या ग्लासात ओतून प्यावी. स्ट्राँग एकदम गार असेल तरच बरी लागते, कारण गारठ्यानं जीभ बधिर होते. तुमची गव्हाची बिअर उलट थोडी कमी गार हवी, सात ते दहा अंशांच्या आसपास, नाहीतर केळ्याचा वास कळायचा नाही. बर्फाच्या डब्यात तासन् तास बुडवून ठेवलेला कॅन तुम्ही स्वतःच अर्धा वाया घालवताय.

एक परीक्षाही सुचवतो. मी रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळं मला ती महत्त्वाची वाटते. तीन सारखे ग्लास घ्या. तुमच्या पाठीमागं कुणीतरी दोन ग्लासांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी ओतावी, सगळ्यांत दोन-दोन घोट. तुम्ही चाखून वेगळा ग्लास ओळखायचा. असं सहा वेळा. नुसत्या अंदाजानं सहापैकी सरासरी दोनदा बरोबर येतं. स्ट्राँग आणि गव्हाची तर तुम्ही सहज ओळखाल, म्हणून दोन महागड्या आयपीए घ्या, किंवा एक महाग लागर आणि एक साधी. पाच-सहा वेळा बरोबर आलात तर जीभ खरंच तयार आहे. दोनदाच आलात, तर इतके दिवस जिभेऐवजी लेबल आणि किंमत चव सांगत होती, हे कळेल. दोन्हींतलं काहीही निघालं तरी उपयोगाचंच आहे. कॉफीबद्दल, तेलाबद्दल, आंब्याबद्दल अशीच पत्रं मला येतात. त्यांनीही घरी हे करून बघावं.

आता तुमच्यासमोरचे मार्ग.

खोटं खोटं पिऊ नका. मित्रांना ते पाचव्या मिनिटाला कळेल आणि उपकार केल्यासारखं वाटेल. शिवाय न आवडणाऱ्या गोष्टीचे ४१ ग्रॅम पोटात घालायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

नवीन माणसं जरूर जोडा. बंगळूरला जाता तेव्हा ज्यांच्याशी हॉप्सबद्दल बोलता येतं त्यांच्याशी भरपूर बोला. पण ती माणसं बिअरसाठी जमतात, आणि हे तिघं तुमच्यासाठी जमत होते. तुमचे वडील गेले तेव्हा तीन रात्री कारखाना कुणी सांभाळला, ते तुम्हीच पत्रात लिहिलंय. एकाच्या जागी दुसरं बसवायची ही गोष्ट नाही.

मी तुमच्या जागी असतो तर बैठकीला गेलो असतो आणि मला हवं ते, हवं तेवढंच प्यालो असतो. फक्त कॅन वेगळ्या डब्यात, स्वतःच्या खुर्चीखाली ठेवला नसता. ५०० मिलीचा एक कॅन चौघांत ओतला तर प्रत्येकाला सव्वाशे मिली येते. तेवढीच ओता, बांगड्याबरोबर. वास कशाचा येतो ते सांगू नका, विचारा. कुणीतरी "केळं" म्हणेल, कुणी "लवंग", कुणी "काय कळत न्हाई गा" म्हणेल. तिन्ही उत्तरं आनंदानं घ्या. एखाद्या वेळी स्टाउट न्या आणि तिच्याबरोबर कुंदा द्या. भाजलेल्या बार्लीचा कडवटपणा आणि आटवलेल्या, खरपूस दुधाची गोडी एकमेकांना इतकी धरून राहतात की मला स्वतःला नवल वाटलं होतं. हे बंगळूरला कुणी शिकवणार नाही, ते आपल्या गावातच जमतं. आणि त्यांच्या बाटलीतला अर्धा ग्लास सुरुवातीला त्यांच्याबरोबर घ्यावासा वाटला तर घ्या. नाही वाटला तर लिंबू-सोडा घ्या.

चोखंदळपणाचा एक फायदा खरा आहे: नीट चाखणारा माणूस सहसा कमी पितो. पण उलटंही होतं. "आज नवीन एक चाखायची आहे" म्हणत रोजचा एक कॅन सुरू होतो आणि त्याला छंद हे नाव मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. महागडी बिअर त्याला अपवाद नाही. तुमच्या महिन्याचे कॅन एकदा कागदावर मांडा आणि वहिनींना तो कागद दाखवा. आई माळकरी आहे म्हणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवत नाही, कारखान्याच्या ऑफिसात ठेवतो, असं लिहिलंय. घरात न ठेवणं योग्यच आहे. पण ऑफिसातला तो छोटा फ्रिज दर सोमवारी भरावा लागत असेल, तर त्याबद्दल मला वेगळं पत्र लिहा. त्याचं उत्तर या उत्तरासारखं नसेल.

मित्राकडं मात्र याच आठवड्यात जा. फोन करू नका आणि मळ्यावर सगळ्यांसमोर विषय काढू नका. संध्याकाळी टेम्पो दारात लागल्यावर घरी जा. चार-पाच शब्दांत सांगा, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो." बिअर कशी असते, जीभ कशी बदलते, १५१६ साली काय झालं, यातलं काहीही त्या दिवशी बोलू नका. एक पेटी म्हणजे बारा बाटल्या. कर्नाटकात गेल्या काही वर्षांत बिअरवरचा कर किती वेळा वाढला ते तुम्हाला ठाऊक आहे. टेम्पोच्या फेऱ्यांतून बाजूला काढलेल्या पैशांची ती पेटी होती, आणि ती मुलीच्या कौतुकाची होती. तुमच्या सहा पानी पत्रात बिअरचे नऊ प्रकार आहेत, पण ती मुलगी पुढं काय शिकणार आहे याची एक ओळ नाही. ते तिला विचारा. हातात कॅन नको, तिच्यासाठी काहीतरी न्या.

गोव्याच्या पेटीचं उत्तर "नाही" असं आहे. दारूवरचा कर प्रत्येक राज्याचा वेगळा. गोव्यात कर भरलेली बाटली परवान्याशिवाय कर्नाटकात आणणं हा अबकारी कायद्यानं गुन्हा आहे, आणि कणकुंबीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. शिनोळीकडून किंवा कोगनोळीकडून महाराष्ट्रातली आणायची म्हटली तरी तेच. आपण तीन राज्यांच्या सांध्यावर राहतो, त्यामुळं सगळं हाकेच्या अंतरावर वाटतं, पण गाडी जप्त झाली तर फाउंड्रीचं काम अडेल आणि गावात नाव होईल ते वेगळंच. तिकडं पिऊन परत निघायचंही मनात आणू नका. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं. आणि पावसात चोर्ल्याची वळणं शुद्धीतल्या माणसालाही जड जातात. गोव्याची बिअर चाखायचीच असेल तर शनिवारी दुपारी चौघं मिळून जा, तिथंच प्या, तिथंच मुक्काम करा आणि रविवारी पूर्ण उतरल्यावर, नाश्ता करून, घाट चढा.